दोन अन्ननलिका, पोट एकच

इंटर्नशिपच्या पहिल्याच महिन्यात हातात दोन डोक्यांचं वासरू येईल, असं अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. आलं मात्र तसंच. फलटणकडच्या एका गावात एक संकरित होल्स्टीन गाय रात्रभर अडली होती. पहाटे तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून वासरू काढलं. गाय वाचली, वासरू पोटातच गेलं होतं. उजाडेपर्यंत निम्म्या गावाने मोबाइलवर फोटो काढून घेतले, कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी उदबत्ती लावली. पुरायला खड्डा खणायला घेतला होता, तेवढ्यात डॉक्टरांनी ते मालकाकडून मागून घेतलं आणि ओल्या पोत्यात गुंडाळून, वर बर्फ घालून टेम्पोतून आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शवविच्छेदनाला धाडलं.

सर वही उघडून ओट्याशेजारी बसले. "उघड. दिसेल ते बोलत जा, मी लिहितो."

मी डोंबिवलीची. गाईला पहिल्यांदा हात लावला तो कॉलेजात आल्यावर. शरीररचनाशास्त्र मात्र घोकून पाठ केलेलं. कुठल्या स्नायूला कुठली नस जाते ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. अडचण एवढीच, की पाठ केलेल्या गाईला डोकं एक होतं.

बाहेरून सगळं सरळ मोजता येत होतं. डोकी दोन, दोन्ही पुरी. कान चार, डोळे चार, दोन्ही डोक्यांच्या खालच्या जबड्यांत पुढचे दुधाचे दात. माना वरती वेगळ्या, खांद्यापाशी एक झालेल्या. तिथून मागे एकच अंग, चार पाय, एक शेपूट. कालवड होती.

"मॅडम, डाव्या कुशीवर घ्या," सुरी घासत शवविच्छेदनातले मदतनीस मामा म्हणाले. रवंथ करणारं जनावर उघडताना डाव्या कुशीवरच निजवतात, म्हणजे कोटीपोट खाली राहतं आणि बाकीचं नीट दिसतं. पोट उघडलं आणि माझी बोलतीच बंद झाली. समोर एक भली मोठी पिशवी पसरलेली, आणि ज्याने अर्धं पोट व्यापायचं ते कोटीपोट एका कोपऱ्यात चुरमडून पडलेलं.

"सर, ही मोठी कुठली?"

"चौथं पोट. नुकत्या जन्मलेल्या वासरात तेच मोठं असतं. दूध पिणाऱ्याला कोटीपोट हवंय कशाला? चारा खायला लागलं की वाढतं. यात विकृत काही नाही, पुढे चल."

पुढे बेंबीपासून यकृताकडे एक जाड शीर गेलेली. मूत्राशयाच्या दोन्ही अंगांनी दोन धमन्या बेंबीकडे आलेल्या आणि मूत्राशयाच्या टोकाला आणखी एक नळी. हेही नॉर्मल, गर्भातल्या रक्ताची आणि लघवीची ती वाट. छातीत गेलो तर फुफ्फुसाकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये बोटाएवढी एक नळी. तीही नॉर्मल, प्रत्येक वासरू ती घेऊनच जन्मतं आणि श्वास सुरू झाल्यावर ती मिटते. मला एव्हाना घाम फुटला होता. दोन डोक्यांच्या गोंधळापर्यंत आम्ही अजून पोचलोच नव्हतो. मी घोकली होती ती मोठी, दावणीला बांधलेली, चारा खाणारी गाय. एका डोक्याचं धडधाकट वासरू त्या ओट्यावर असतं तरी मी इतकीच चाचपडले असते. विकृती ओळखायला निघालेल्या माणसाने आधी नुकतं जन्मलेलं निरोगी वासरू आतून पाहिलेलं असावं, हे आमच्या प्रात्यक्षिकांत कुणाच्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे.

मामांनी फुफ्फुसाचा एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. काळपट लाल, यकृताच्या रंगाचा तो तुकडा थेट तळाला गेला. एकदा जरी हवा आत गेली असती तर तरंगला असता. सरांनी लिहिलं: श्वास घेतलेला नाही.

मग आम्ही मानेकडे वळलो. दोन अन्ननलिका, दोन श्वासनलिका, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा असा गुंता, की कुठली कुणाची ते कळेना. मी नाव आठवत नुसती उभी. तेव्हा सरांनी जे सांगितलं त्यावर माझी पुढची सगळी इंटर्नशिप निभावली. "नाव देऊ नकोस. नळी कुठून निघते आणि कुठे जाते तेवढंच सांग. नावं मी बघतो."

रबरी नळी आणली. डावीकडच्या तोंडातून अन्ननलिकेत सरकवली, ती कोटीपोटात निघाली. उजवीकडच्या तोंडातून दुसरी सरकवली, तीही तिथेच निघाली, पहिलीच्या शेजारी दोन बोटं सोडून. तोंडं दोन, पोट एकच. म्हणजे जगलं असतं तरी कुठल्याही तोंडाने प्यायलेलं दूध एकाच ठिकाणी पोचलं असतं.

श्वासनलिका त्याहून मजेशीर. गाय, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या भागाला जाणारी फांदी श्वासनलिका दुभंगायच्या आधीच, वरच्या वर फुटते. परीक्षेत हमखास विचारतात. डाव्या डोक्याच्या श्वासनलिकेला ती फांदी उजवीकडे, जिथे असायला हवी तिथे होती. उजव्या डोक्याच्या नळीला मात्र ती डावीकडे फुटलेली. मी सरांकडे पाहिलं. कडेला कड चिकटून वाढणाऱ्या जुळ्यांत उजवीकडच्या पिल्लाची डावी-उजवी बाजू अनेकदा बिघडते, ते म्हणाले. शरीराची डावी बाजू कुठली हे फार लवकर, भ्रूणाच्या एका अंगाकडून निघणाऱ्या इशाऱ्यांवर ठरतं; शेजारी दुसरं भ्रूण चिकटलेलं असेल तर त्याचे इशारे याच्यात मिसळतात.

हृदय एक, पण रुंद, आणि टोकाशी खाच पडून दुभंगलेलं. उघडलं तर दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक. माझी करंगळी आरपार गेली. महाधमन्या दोन निघालेल्या आणि मध्यपटलाच्या जवळ येऊन एक झालेल्या. पाठीचे कणेही दोन; त्यांच्यामध्ये दाटीवाटीने आखूड फासळ्या, कुठेच न पोचणाऱ्या. शेवटच्या फासळीच्या आसपास दोन्ही कणे मिळाले आणि तिथून मागे सगळं सुतासारखं सरळ: एक यकृत, दोन मूत्रपिंडं, एक मूत्राशय, एक गर्भाशय, एक गुदद्वार. सांध्याच्या मागे खरोखर काहीच चुकलेलं नव्हतं. मला वाटलं होतं आत नुसता काला असेल. तसं काही नव्हतं. पुढे दोन आराखडे, मागे एक, आणि मध्ये दोन्ही आराखड्यांनी आपापले नियम पाळत काढलेली तडजोड.

टेम्पोबरोबर मालक आणि त्यांची आई आली होती. आजी बाहेर बाकावर बसून होत्या. मी हात धुऊन बाहेर आले तशी त्यांनी विचारलं, "गरान लागलं का वं? गेरू तर लावलावता आमी पोटाला." ग्रहणात गाभण जनावराच्या अंगाला गेरू लावायचा, ही रीत अजून बऱ्याच गावांत आहे. गाईला सहावा-सातवा महिना असताना ग्रहण झालं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की ही दोन डोकी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ठरली; गाय गाभण आहे हे तुम्हाला कळलं त्याच्याही आधी. त्यानंतर गेरू लावा, न लावा, काही बदलणार नव्हतं. आजींचा विश्वास बसला का ते सांगता येत नाही. सूनबाईंनी लावायला उशीर केला असा ठपका निदान टळला, आणि माझ्या मते शवविच्छेदनाचा तेवढा उपयोगही कमी नाही.

त्यानंतर डॉक्टरांच्या मागे गावोगाव फिरताना एका रात्री गाय अडल्याचा फोन आला. गोठ्यात एक पिवळा बल्ब, चार माणसं, आणि गाय उभी राहूनच कळा देत असलेली. डॉक्टरांनी आधी मला हात घालायला लावला. खूर लागतील, नाक लागेल, नाहीतर शेपूट तरी, अशा हिशेबाने मी हात आत नेला, आणि बोटांना लागलं ते मऊ, ओलं, निसटतं. वेटोळ्यांवर वेटोळी. मी म्हटलं, "सर, आतडी."

"कुणाची?"

हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. पण त्यावर गाईचा जीव अवलंबून होता. गर्भाशय फाटलं असेल तर गाईची स्वतःची आतडी आत उतरतात, आणि मग फार थोडा वेळ हातात असतो. गर्भाशय धड असेल तर आतडी वासराची, म्हणजे वासराचंच पोट उघडं आहे. "भिंतीवरून हात फिरव, चहूकडून. फट लागते का?" लागली नाही. "आता आतड्याची जाडी सांग." बोटाएवढी, बारीक. "मूळ कुठे जातंय ते बघ." वेटोळ्यांच्या मागे कोपर जाईपर्यंत हात नेला तेव्हा फासळ्या लागल्या, छोट्या, आणि त्यांच्या पलीकडे वाकडा, ताठ पाय. मालक विचारत होते, "काय लागतंय हाताला, मॅडम?" मी डॉक्टरांकडे पाहिलं.

याला शिस्टोसोमस रिफ्लेक्सस म्हणतात. गाईंमध्ये जास्त आढळतं. कणा मागच्या बाजूला इतका वाकतो, की डोकं शेपटीच्या मुळाशी येतं, आणि छाती-पोटाची पुढची भिंत मिटतच नाही. सुरुवातीला सगळीच भ्रूणं चपटी असतात. कडा खालच्या अंगाला वळतात आणि बेंबीपाशी मिळतात. इथे त्या मिळालेल्याच नव्हत्या. यकृत, पोटं, आतडी, सगळं गर्भजलात मोकळं तरंगत वाढलेलं. पायांचे सांधे जखडलेले, म्हणून ओढून काढायची सोय नाही. ऑपरेशन करूनच काढावं लागलं. बाहेर आलं तेव्हा वासराचं हृदय उघड्यावर हलत होतं. काही वेळ हललं आणि थांबलं. तोवर गोठ्यात कुणी बोललं नाही. मग डॉक्टरांनी टाके घालायला घेतले आणि मालकांनी चहा सांगितला.

गुदद्वार नसलेलं वासरू किंवा करडू त्या मानाने सोपं. जन्मतं ठणठणीत, चीक पितं, उड्या मारतं. दुसऱ्या दिवशी पोट फुगतं, कुंथतं, शेण नाही. शेपटीखाली पाहिलं तर नुसती कातडी. पोट दाबल्यावर तिथे फुगवटा आला तर गुदाशय कातडीच्या लगेच मागे आहे. भूल देऊन छेद घेतला, कडा शिवल्या, चिकट मळ बाहेर पडला, की वासरू तासाभरात पुन्हा आईला ढुसण्या देतं. फुगवटा आला नाही तर आतडं आत कुठेतरी लांब संपलेलं असतं. आणि कधीकधी बाहेरचं भोक अगदी व्यवस्थित असतं, पण मधलं मोठं आतडंच तुटलेलं. थोडी शेंबडासारखी चिकटी येते, शेण येत नाही. म्हणून नवीन वासराची शेपूट उचलून पाहा, आणि पहिलं शेण पडलं का याकडेही लक्ष ठेवा.

बाहेरून ज्यात काहीच दिसत नाही, तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. वीज पडून मेलेल्या एका अडीच वर्षांच्या कालवडीचं विम्यासाठी शवविच्छेदन होतं. अंगाने चांगली, कातडी चकचकीत. मालक म्हणाले, "एकदाही माजावर आली नाही. औषधं झाली, गोळ्या झाल्या, खनिज मिश्रण झालं." मी ओटीपोट उघडलं आणि गर्भाशय शोधायला लागले. ते नव्हतंच. त्याच्या जागी सुतळीएवढ्या दोन भरीव दोऱ्या. बीजांडांच्या जागी बारीक कठीण गाठी, शिवाय नराला असतात तशा ग्रंथी, आणि योनी थोडी आत जाऊन बंद. आता तरी मला विचारायचं सुचलं: "काका, ही जुळ्यातली होती का? बरोबर गोऱ्हा होता?"

"होता की. तो विकला."

गाईच्या पोटात नर-मादी जुळं असलं, की दहांपैकी नऊहून अधिक वेळा मादी वांझ निघते. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या लवकरच एकमेकींत मिसळतात. नराचे वृषण आधी तयार होतात, त्यांची संप्रेरकं बहिणीच्या रक्तात उतरतात, आणि तिचं गर्भाशय घडायच्या आधीच आक्रसतं. गोऱ्ह्याचं सहसा फारसं बिघडत नाही. इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी 1779 मध्ये अशा जनावरांचं विच्छेदन करून वर्णन छापलं होतं. कारण उलगडलं ते फ्रँक लिली यांच्या संशोधनामुळे, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिकागोत. पुढे 1945 मध्ये रे ओवेन यांनी दाखवलं, की अशा जुळ्यांच्या अंगात जन्मभर एकमेकांच्या रक्तपेशी राहतात आणि शरीर त्यांना परकं मानत नाही. परक्या पेशी शरीर कधी स्वीकारतं, या प्रश्नाला तिथून वाट फुटली. त्याच वाटेवरच्या कामासाठी पीटर मेडावर यांना 1960 चं नोबेल मिळालं. आणि आपल्याकडे ही कालवड गोळ्या खात होती. महिन्याभराच्या वासरातच डॉक्टर तेल लावलेली गुळगुळीत नळी योनीत सरकवून पाहू शकतात: निरोगी कालवडीत ती सुमारे 12 ते 15 सेंटिमीटर जाते, अशा कालवडीत निम्म्यावर किंवा त्याच्याही आत अडते. पाच मिनिटांचं काम आहे.

जाता जाता, शेळ्यांमध्येही असा एक प्रकार आहे. सानेनसारख्या जातींत बिनशिंगी नर-मादीची जोडी लावली, की काही माद्या अर्धवट नर होऊन जन्मतात. जे जनुकीय कारण शिंगं घालवतं तेच बीजांडही बिघडवतं. 2001 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ते शोधलं. भुंड्या शेळीला भुंडा बोकड लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

कारण काय, हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात येतो. दर वेळी उत्तर मिळत नाही. पण मिळतं तेव्हा बहुधा "कधी बिघडलं" यावरून मिळतं, आणि ते फक्त आत पाहिल्यावर कळतं. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये 1950 च्या दशकात मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरं व्हायची. कवटी उघडली तर पुढचा मेंदू दोन भागांत विभागलेलाच नाही. शेवटी सापडली ती कुरणातली व्हेराट्रम नावाची वनस्पती: मेंढीने ती गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तर असं कोकरू. त्यातल्या द्रव्याला सायक्लोपामाइन नाव मिळालं. ते ज्या पेशी-संदेशाला अडवतं, त्यालाच अडवणारं त्वचेच्या कर्करोगावरचं एक औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. असाच जपान-ऑस्ट्रेलियाकडचा अकाबाने विषाणू, चिलटांमुळे पसरणारा: वासराचे सांधे वाकडे, आणि कवटीत मेंदूच्या जागी पाणी. ते वासरू बाहेरून पाहून कुणीही "पाय आखडलेत" एवढंच म्हणेल.

आणि कधी कारण वळूत असतं. 2000 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये होल्स्टीन वासरं आखूड मानेची, मणके एकमेकांत चिकटलेली अशी जन्मायला लागली. अनेकांची हृदयंही सदोष होती. माग काढत गेल्यावर तो अमेरिकेतल्या कार्लिन-एम आयव्हनहो बेल या नामांकित वळूपर्यंत पोचला. दूध वाढवणारा वळू म्हणून त्याचं वीर्य देशोदेशी गेलं होतं. तेव्हापासून वळूंची या दोषासाठी चाचणी होऊ लागली. आपल्या वीर्य केंद्रांतही होल्स्टीन वळू काही आनुवंशिक दोषांसाठी तपासले जातात. गावातल्या मोकाट वळूला मात्र कुणी तपासत नाही, आणि विकृत वासरू खड्ड्यात गेलं तर कुठल्याच वळूचा माग लागत नाही.

तेव्हा तुमच्या गोठ्यात असं काही जन्मलं, तर फोटो खुशाल काढा, पण पुरायची घाई करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा. उघड्या हाताने हाताळू नका, कारण गाभडलेल्या किंवा मेलेल्या वासरातून आणि वारेतून माणसाला रोग लागू शकतो. ते सावलीत, ओल्या पोत्यात ठेवा, बर्फ मिळाला तर बर्फ घाला, पण डीप फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठलेल्या मांसात सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही उरत नाही. वारही जपून ठेवा, कुत्र्यांपुढे टाकू नका. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड पहिल्या महिन्यातच तपासून घ्या. आणि गाय भरवताना वापरलेल्या वीर्याच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो भरणाऱ्याकडून त्याच दिवशी विचारून गाईच्या कार्डावर लिहून ठेवा.